असंबद्ध हालचाल

१

सोमवारी सकाळी मी पोचले तेव्हा सोमारीची खाट फिनाइलने धुऊन भिंतीला उभी टेकवलेली होती. गादी कुठेच दिसत नव्हती. फिनाइलच्या वासाखाली आणखी एक आंबूस, कुजकट वास होता. तो मला त्या खोलीत दीड वर्षापासून येत होता आणि मी त्याला म्हातारपणाचा वास समजत आले होते.

“शनिवारी दुपारी जेवली, झोपली आणि झोपेतच गेली,” बापूराव म्हणाले. “असं मरण नशिबात असावं लागतं, बाई. काल सकाळी माती दिली. भामरागडचा पूल पाण्याखाली आहे. लेकीची वाट किती बघणार?”

मार्कंड्याच्या रस्त्याला, वैनगंगेच्या काठी ‘शांतिछाया’ नावाचं हे घर बापूरावांनी उभं केलं होतं. लकवा मारलेली, घरच्यांना न झेपणारी चौदा माणसं तिथे राहत. बापूरावांना सगळे भाऊ म्हणत. पांढरा सदरा, लोण्यासारखा आवाज, आणि कुणीही समोर आलं की त्याच्या डोक्यावर हात.

मी माधवी निमगडे. चंद्रपूरच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. आठवण, भाषा आणि हाताची कृती यांचा एकमेकांशी काय संबंध असतो, हा माझा संशोधनाचा विषय. मेंदूच्या झटक्याने वाचा गेलेल्या माणसाला फणी दाखवून नाव विचारलं तर ते सांगता येत नाही, पण फणी हातात दिली की तो केस विंचरून दाखवतो. शब्द जातात, हात राहतात. हात किती दिवस राहतात, ते मी मोजत होते. दीड वर्षापासून, एक आठवडा सोडून, मी शुक्रवारी त्यांच्याकडून कृती करून घेत होते आणि सोमवारी त्यातलं काय आठवतं ते आवाजासकट रेकॉर्ड करत होते.

सोमारी भामरागडच्या पलीकडची माडिया आदिवासी बाई. उजवं अंग लुळं, तोंडात फक्त ‘बा, बा’ एवढा आवाज उरलेला. पण शुक्रवारी ती ठणठणीत होती. नर्स रिना, कामावरचा लटारू, स्वयंपाकीण खातून आणि स्वतः भाऊ, सगळे त्या दिवशी गंमत बघायला जमले होते. सगळ्यांदेखत मी कौतुकानं म्हटलं होतं, “बाकीचे सोमवारपर्यंत विसरतात. ही मात्र काहीच विसरत नाही.”

मी माझं कपाट उघडलं. कुलूप शाबूत होतं. फणी, कुलूप-किल्ली, वाटी-चमचा, सगळं जागच्या जागी. कॅमेराही होता.

त्यातलं शुक्रवारच्या चित्रीकरणाचं कार्ड तेवढं नव्हतं.

२

“कपाटाची किल्ली माझ्याकडेच असते,” रिना म्हणाली. तिशीतली, चामोर्शीची मुलगी. डोळे सुजलेले होते. “पण शनिवारी मी नव्हती ना, मॅडम. पोराच्या शाळेत बोलावलं होतं, गडचिरोलीले. जाताना किल्ली ऑफिसातल्या खिळ्याले अडकवून गेली. तिथून कोणीबी घेऊ शकते.”

“सोमारीला कोणतं औषध चालू होतं?”

“बीपीचं. बस.”

“झोपेचं?”

“ते डॉक्टरांनी दोघांनाच लिहून देल्लं. सोमारीले नाई.” ती पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागली.

“पण?”

“पण त्या गोळ्या लवकर संपतात. मी भाऊले सांगलं होतं. ते म्हणाले, तू लक्ष नको देऊ, मी नागपूरहून आणत जाईन. मग मी नाई देल्लं लक्ष.”

“कधीची गोष्ट?”

“मागच्या पावसाळ्यातली.”

एक वर्ष. मी तिच्याकडे बघत राहिले. तिला ते सहन झालं नाही.

“असं काऊन बघता, मॅडम? माझी नोकरी हाय. नवरा घरी बसून हाय. तुमी महिन्यातून चारदा येता, फणी दाखवता अन् जाता. इथी रोज मी राह्यते.”

ती बरोबर बोलत होती, म्हणून जास्तच राग आला. मी विचारलं, “झोपेत कशी गेली असेल ती?”

“मले बी तेच समजून नाई राह्यलं. तिचा त्रास वेगळा होता. तिले गिळता येत नव्हतं नीट. आडवं ठेवून भरवलं का अन्न श्वासाच्या नळीत जाते. म्हणून मी मोठ्या अक्षरात कागद लिहून खाटेच्या वर लावला होता. ‘बसवूनच भरवा, हनुवटी खाली, घोट लहान.’ शुक्रवारी होता ना तो? तुमी पाह्यला?”

पाहिला होता. शुक्रवारी सोमारीला खाटेवर बसवताना तो कागद माझ्या डोक्याला लागला होता.

आम्ही दोघी त्या भिंतीपाशी गेलो. खिळा होता. कागद नव्हता.

३

खातून चुलीजवळ बसून भाजी निवडत होती. पन्नाशीची, चामोर्शीच्या बाजारात नवऱ्याचं शिवणकामाचं दुकान होतं, तो गेल्यावर इथे लागली. मला बघून तिनं पाट पुढे सरकवला.

“सोमारीनं शनिवारी काय खाल्लं, खातूनबी?”

“गुळाची पेज. शनिवारी पेजच असते, पावने येते ना. भाऊ त्यायच्या सामने एकेकाले हातानं भरवते. लोकं फोटो काढते, रडते, भजन म्हणते.” तिनं एक किडकी पालवी चुलीत टाकली. “त्या दिवशी गूळ डबल टाकाचा. असा हुकूमच हाय.”

“डबल कशाला?”

“मले का मालूम? शनिवारी डबल. अन् तुमी सोमवारी येनार असल्या का रविवारी रातच्याले बी डबल.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. “माझा काय संबंध?”

“आता तुमाले माहीत! पातेलं मी उतरवतो. वाट्या तिकडं स्टोअरात भरते. कधी रिनाबाई, कधी लटारू, कधी भाऊ खुद. मी चूल सोडून जात नाई.” ती जरा पुढे झुकली. “एक डाव उरलेली पेज माझ्या बकरीले टाकली होती. बकरी दिवसभर उठलीच नाई. मी समजली मेली. अल्लाचं नाव घेऊन घेऊन थकली, मंग संध्याकाळी उठली.”

“आणि तू कुणाला बोलली नाहीस?”

“कोनाले बोलू? अन् काय बोलू? इथी मानसं शांत झोपते, चांगलंच हाय ना, असं वाटलं.” भाजी निवडणारे तिचे हात थांबले. “बकरीले पुन्हा नाई टाकली मी.”

बकरीला नाही टाकली. माणसांना दर शनिवारी टाकत राहिली. मी उठून बाहेर आले आणि हौदाच्या कठड्यावर बसून वारांचा हिशोब लावला. 

शनिवारी पाहुण्यांसाठी. रविवारी माझ्यासाठी. शुक्रवारी मात्र नाही, कारण शुक्रवारी मी दोन तास येऊन जाते आणि त्या दिवशी आवाजाचं रेकॉर्डिंग नसतं. म्हणून शुक्रवारी हीच माणसं चटपटीत असत आणि सोमवारी त्यांच्या डोळ्यांवर पडदा असे. शुक्रवारचं त्यांना काही आठवत नसे. या गोष्टीवर मी एक लेख लिहिला होता. वनभागातल्या वृद्ध रुग्णांमध्ये कृतीची आठवण तीन दिवसांत कशी ओसरते, हे मी आलेख काढून दाखवलं होतं. एका परिषदेत लोकांनी उठून माझं अभिनंदन केलं होतं.

मी आठवण मोजली नव्हती. मी गुंगी मोजली होती.

पण चौदांपैकी पाच जण सोमवारीही सगळं आठवत. त्यात सोमारी पहिली. मी त्यांना ‘अपवाद’ असं नाव देऊन तळटीपेत ढकललं होतं. पेज सगळ्यांनाच मिळत होती, तर हे पाच जण जागे कसे राहिले?

४

उत्तर मुंग्यांनी दिलं.

सोमारीची खाट जिथे होती तिथल्या भिंतीच्या खालच्या कडेला लाल मुंग्यांची जाड रांग लागली होती. मी खाली वाकले. फरशी आणि भिंत यांच्या फटीत तपकिरी, चिकट खपली साचली होती, बोटभर जाड. वरची ताजी, खालची काळी पडलेली, बुरशी धरलेली. नाक जवळ नेलं आणि तो वास आला, दीड वर्षाचा ओळखीचा. आंबलेली गुळाची पेज.

पाच खाटांमागे हे होतं. बाकीच्या नऊ खाटांमागे भिंत कोरडी होती.

म्हणजे हे पाच जण पेज पीत नव्हते. भरवणाऱ्याची पाठ वळली की तोंडातला घास आणि वाटीतली पेज भिंतीकडे सांडत होते. ज्यांना आपण ‘यांना आता काही कळत नाही’ म्हणतो, त्यांना सगळं कळलं होतं. आणि इतके महिने सांडलेलं कुणी पुसलं नव्हतं, कारण खाटेमागे कुणी वाकलंच नव्हतं.

लटारू मागच्या अंगणात कुदळ धूत होता. चाळिशीचा, दांडगा माणूस, एटापल्लीकडचा. काम करणाऱ्यांत गोंडी बोलणारा तोच एक. रुग्णांना उचलणं, धुणं, आणि मेले की पुरणं, सगळं त्याच्याकडे.

“सोमारीला तूच पाहिलंस आधी?”

“हो जी. पावने दोन वाजता गेले. चारले मी चादर बदलाले गेलो तं थंडी पडली होती.” त्यानं कुदळ खाली ठेवली. “आंग धुतलं तवा नाकातून पेज येऊन राह्यली होती. लय आली. पुसली तरी येतच होती.”

“तू हे कुणाला सांगितलंस?”

“डॉक्टरनं दुरूनच पाह्यलं. म्हणे वय झालं.”

म्हणजे जी बाई शनिवारची पेज कधीच गिळत नव्हती, ती नाकापर्यंत पेज भरून मेली होती. कुणीतरी तिला ती सांडू दिली नव्हती. आणि गिळायचा त्रास असलेल्या बाईला आडवं ठेवून भरवलं होतं.

“लटारू, तिच्या खाटेवरचा कागद कुठे गेला?”

त्याचा चेहरा एकदम लहान झाला.

“मीच काढला, बाई. शुक्रवारी सांजच्याले. सांगतलं म्हणून काढला.”

“कुणी सांगितलं?”

तो माझ्या खांद्यावरून मागे बघत होता. मी वळले. दारात कुणी नव्हतं, पण पडदा हलत होता. लटारूनं कुदळ उचलली आणि निघून गेला.

५

चोरानं कार्ड नेलं होतं, पण त्याला माझी एक सवय माहीत नव्हती. चित्रीकरण असलं तरी मी प्रत्येक हालचाल कागदावर लिहून घेते, आणि ते कागद माझ्या पिशवीत असतात.

मी व्हरांड्यात बसून शुक्रवारचं पान काढलं. सोमारी, वाटी-चमचा. खाऊन दाखवणे अपेक्षित. त्यापुढे माझ्याच अक्षरात होतं: ‘डावा तळवा डोक्यावर. चमच्याच्या पाठीने वाटीच्या तळाशी दाबून रगडणे. ढवळणे. पुन्हा तळवा डोक्यावर. वाटी भिंतीकडे उपडी करणे.’ आणि शेरा: असंबद्ध हालचाल.

मागची पानं काढली. असंबद्ध हालचाल. असंबद्ध हालचाल. पाचही अपवादांच्या पानांवर तोच शेरा, आणि शेऱ्याच्या वर तेच वर्णन. पाच वेगवेगळ्या माणसांच्या मेंदूंतल्या पाच वेगवेगळ्या जखमा एकच चूक करतील, असं मी कसं मानलं?

रगडणं म्हणजे गोळी. सोमारीची खाट स्टोअरच्या दारासमोर होती, तिला आतलं दिसत होतं, आणि बाकीच्या चौघांना तिनं ते हातानंच सांगितलं असणार. उपडी करणं म्हणजे आम्ही ती पीत नाही. पण डोक्यावरचा तळवा? रिनाला मी मागे एकदा विचारलं होतं, तिनं सांगितलं होतं की डोकं दुखत असेल. मी ते लिहूनही घेतलं होतं.

अपवादांपैकी लच्छू माझ्यासमोरच व्हरांड्यात बसला होता. बांबूच्या टोपल्या विणणारा म्हातारा, वाचा गेली तशी हसायचाही बंद झालेला. मी वाटी-चमचा आणून त्याच्या मांडीवर ठेवला.

“लच्छूभाऊ,” मी म्हटलं, “आज मी चूक म्हणणार नाही. कोण?”

त्यानं वाटी बाजूला सरकवली. मग तळवा स्वतःच्या डोक्यावर ठेवला. तो उचलून पुन्हा ठेवला, आणि मान वळवून आतल्या खोलीकडे बघितलं.

आत दुपारची फेरी चालू होती. बापूराव एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे जात होते. प्रत्येकापाशी थांबत, गोड काहीतरी बोलत, आणि त्याच्या डोक्यावर तळवा ठेवत.

 ज्यांना कुणाचंही नाव घेता येत नव्हतं, त्यांनी त्या माणसाला नाव दिलं होतं. ते नाव ते मला दीड वर्ष सांगत होते.

६

पण नाव म्हणजे पुरावा नव्हे. गोळ्या रगडणं एक, आणि शनिवारी तिचा जीव घेणं दुसरं. शनिवारी त्या खोलीत वीस पाहुणे होते. वीस माणसांदेखत कोण कुणाला मारील?

मग मला माझा फोन आठवला. ‘शांतिछाया परिवार’ नावाचा एक ग्रुप होता. पाहुणे त्यात फोटो टाकत, आणि मीही त्यात होते. मी शनिवारची पानं वर सरकवली.

एक फोटो होता. सोमारी उशीवर आडवी. तिची मान मागे गेलेली. बापूराव खाटेच्या कडेला बसलेले, डावा हात तिच्या गळ्याभोवती, अंगठा हनुवटीखाली, उजव्या हातात चमचा. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिचा डावा तळवा तिच्याच डोक्यावर होता. खाली कुणीतरी लिहिलं होतं: ‘भाऊंना नमस्कार करताना आजी. अश्रू अनावर!’

त्याखाली हात जोडल्याची, फुलांची चिन्हं ओळीनं होती. त्यांत माझंही एक होतं. शनिवारी संध्याकाळी मी भाजी चिरता चिरता, नीट न बघता, हात जोडले होते.

फोटोखाली एक चित्रफीत होती, पाऊण मिनिटाची. टाळ्यांच्या ठेक्यावर भजन चाललंय. सोमारी जिभेनं पेज बाहेर ढकलते आहे. बापूराव अंगठ्यानं तिचा जबडा मिटवतात आणि म्हणतात, “गिळ, माय, गिळ.” कुणी बाई मागून म्हणते, “किती माया आहे हो!” आणि सोमारीचा हात चालूच आहे. तळवा डोक्यावर. मग हवेत रगडणं. तळवा डोक्यावर. रगडणं. ती ओरडत नव्हती, तिला ओरडता येत नव्हतं. ती भरल्या खोलीला हातानं सांगत होती, हा माणूस आहे, हा माणूस आहे, आणि खोली टाळ्या वाजवत होती.

मी ती चित्रफीत तीनदा पाहिली. मग ती माझ्या फोनात उतरवून घेतली. लच्छूनं आपल्या लुळ्या नसलेल्या हातानं त्याचा पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला.

चामोर्शीच्या फौजदारांना फोन केला. ते येईपर्यंत तासभर होता. मी ऑफिसात गेले.

७

“या, बाई,” बापूराव म्हणाले. “चेहरा असा का झालाय?”

“सोमारीला कुणी मारलं ते कळलंय, भाऊ.”

ते हसले. “मारलं? मी तिला भरवत होतो. वीस माणसं बघत होती.”

“बघत होती म्हणूनच कुणाला दिसलं नाही.” मी उभीच राहिले. “दर शनिवारी तुम्ही स्टोअरात झोपेच्या गोळ्या रगडून वाट्यांत घालता. कडू लागू नये म्हणून गूळ डबल. पाहुण्यांना शांत, गोड म्हातारी माणसं बघायला मिळतात. सोमारी ते खाटेवरून बघत होती. शुक्रवारी तिनं ते सगळ्यांसमोर करून दाखवलं. मला कळलं नाही. तुम्हाला लगेच कळलं, कारण ती तुमचीच नक्कल करत होती. तरीही तुम्ही थांबला असता. सोमवारपर्यंत विसरेल म्हणून सोडून दिलं असतं. पण मी म्हणाले, ही विसरत नाही.”

त्यांनी टेबलावरची वही मिटली.

“शनिवारी रिना नव्हती. किल्ली तुमच्या या खिळ्यावर होती. कार्ड तुम्ही काढलंत.”

“किल्ली कुणीही काढील. आणि भरवणं गुन्हा असेल तर घाला मला तुरुंगात. घास लागला तिला. म्हातारी होती.” आवाज अजून लोण्यासारखाच होता. “आणि गोळ्यांचं म्हणाल, तर तुम्ही नका बोलू. पहिल्या महिन्यात काय म्हणाला होतात? ‘भाऊ, फार आरडाओरडा होतो, रेकॉर्डिंग बिघडतं.’ मी तुमचा सोमवार शांत करून दिला. कसा केला, ते तेव्हा विचारलंत? लेख छापून आला तेव्हा पेढे घेऊन आला होतात.”

आरडाओरड्याचं ते वाक्य माझंच होतं. 

दारातून लटारू आत आला. त्याच्यामागे रिना होती, तिनं त्याचं मनगट धरलं होतं. खातून उंबऱ्याबाहेर थांबली.

“सांग,” रिना म्हणाली.

लटारूनं खिशातून चौघडी घातलेला कागद काढला. “मले वाचता येत नाई. मांगून कोरा होता म्हणून ठेवला. भाऊनं शुक्रवारी सांजच्याले सांगतलं, उद्या पावने येणार, भिंतीवरचा कागद काढ.”

“सगळ्यांचे काढायला सांगितले?” मी विचारलं. चौदाही खाटांवर रिनाचे कागद होते. बाकीचे तेरा अजूनही होते.

“नाई जी. सोमारीचाच.”

रिनानं कागद उलगडून टेबलावर ठेवला. बसवूनच भरवा. हनुवटी खाली. घोट लहान.

“घास लागला नाही, भाऊ,” मी म्हटलं. “कसा भरवला की लागेल, हे इथे लिहिलेलं होतं. तुम्ही ते वाचलंत, भिंतीवरून उतरवलंत, आणि दुसऱ्या दिवशी एकेक ओळ उलटी केलीत. आडवं, हनुवटी वर, घोट मोठा.”

बापूरावांनी कागदाकडे बघितलंच नाही. त्यांनी रिनाकडे बघितलं, आणि सवयीनं हात उचलला, तिच्या डोक्याच्या दिशेनं.

“हात खाली ठेवा,” रिना म्हणाली. “मले हात नाई लावायचा.”

८

सोमारीला मातीतून पुन्हा बाहेर काढलं. श्वासनळीत पेज आणि पोटात गोळ्या निघाल्या. बापूरावांना धरून नेलं. कार्ड कधीच सापडलं नाही, पण चित्रफीत होती, आणि ती शंभर फोनांत होती.

पुढचे आठ दिवस मला फोन येत राहिले. नागपूरचे, चंद्रपूरचे, चांगले, शिकलेले लोक. कुणी म्हणालं, भाऊंनी चुकून केलं असेल. कुणी म्हणालं, त्या माणसांना दुसरं होतं कोण? एक बाई म्हणाली, “झोपवत होते तर झोपवत होते. निदान शांत तरी होती बिचारी.” मी फोन कापला आणि हात साबणानं धुतले, जणू काही तिच्या बोलण्याचा चिकटा लागला होता.

लेख मागे घ्यायला मी संपादकांना पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर आलं की पूर्ण मागे घेण्याची गरज नाही, ‘मर्यादा’ या मथळ्याखाली दोन ओळी जोडल्या तरी चालेल. मी पुन्हा लिहिलं, लेख काढा. मग काढला. तिथल्या कुणालाही आता मी फणी दाखवायला जात नाही. रिना तिथलं काम बघते. मी गेले तर खाटांमागे वाकून बघते आणि परत येते.

बाराव्या दिवशी पाणी उतरलं आणि सोमारीची लेक सुकरी आली. बरोबर गावचे तिघे होते. आईचा देह ती गावी नेणार होती. तिला मराठी थोडी येत होती, म्हणून लटारू मध्ये बसला. मी सगळं सांगितलं. गोळ्या, पेज, शनिवार, माझा लेख. काही लपवलं नाही. लटारू गोंडीत सांगत होता आणि सुकरी माझ्याकडे बघत ऐकत होती. रडली नाही.

“माय सांगत होती?” तिनं मराठीत विचारलं.

“हो.”

“तुमाले?”

“मला. समोर बसून.”

“किती रोज?”

“दीड वर्ष.”

तिनं मान हलवली. सगळ्यांनी मिळून आईला गाडीत चढवलं. मी खाली उभी होते. काय करावं ते सुचेना, म्हणून म्हटलं, “मी येऊ का गावापर्यंत? निदान पोचवायला.”

सुकरी गोंडीत काहीतरी बोलली, हळू, रागावल्यासारखी नव्हे. गाडी सुरू झाली. लटारूनं मागची फळी लावली, कडी घातली, आणि मग माझ्याकडे न बघता सांगितलं,

“नको म्हणते, बाई. तुमी सोबत असल्या तं वाटंनं मायसंग बोलता येनार नाई, म्हणते.”